साहेबांनी पाटी तोडलीच नव्हती

पत्र

प्रिय ताई,

मी सत्तावीस वर्षांची आहे. मूळची लातूर जिल्ह्यातली. सरकारी कॉलेजातून मेकॅनिकल केलं आणि आता चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी लॅबमध्ये आहे. घरात इंजिनिअर झालेली मी पहिलीच. ८ मार्चला एचआरने आम्हा बायकांना गुलाब दिले, केक कापला आणि कॅन्टीनच्या स्क्रीनवर ‘हिडन फिगर्स’ दाखवला. नासातल्या तीन कृष्णवर्णीय बायकांचा. त्यातली कॅथरीन टॉयलेटसाठी अर्धा मैल पळते तेव्हा आमच्या रांगेत हशा झाला, कारण आमच्या लॅबपासून बायकांचं टॉयलेट थेट अ‍ॅडमिन बिल्डिंगमध्ये आहे. शेवटी मी रडले. पण दिवे लागल्यावर आमचे मॅनेजर म्हणाले, “बघा, या बायकांनी कधी तक्रार केली नाही. काम करत राहिल्या आणि कामानेच सगळ्यांची तोंडं बंद केली.”

माझे टेस्ट रिपोर्ट सीनियरच्या नावाने जातात. कस्टमर मीटिंगमध्ये आकडे माझे असतात, खुर्ची त्याची. एक-दोघं ‘कोट्यातली’ म्हणतात, तोंडावर नाही, पण मला ऐकू येईल असं. मी नुसती कुरकुर करते आहे का? गप्प राहून काम करत राहू का? आणि धाकटी बहीण दहावीत आहे, तिला हा सिनेमा दाखवू का?

(नाव छापू नका.)

उत्तर

तुझ्या मॅनेजरांनी सिनेमा बहुतेक केक खाता खाता बघितला असावा. कारण सिनेमातसुद्धा या बायका गप्प नाहीत. कॅथरीन भर ऑफिसात सगळ्यांसमोर फुटते, मेरी न्यायाधीशांसमोर उभी राहते, डोरोथी पद मागते. ‘कधी तक्रार केली नाही’ हा निष्कर्ष त्यातून काढायला बरीच कल्पनाशक्ती लागते. आणि खरा इतिहास पाहिलास तर त्यांचं म्हणणं पार उलटं पडतं. म्हणून आधी तो सांगते, तुझ्या लॅबकडे नंतर येते.

टॉयलेटपासूनच सुरू करू. तो पळण्याचा प्रसंग आणि त्यानंतर साहेब पहार घेऊन ‘कलर्ड’ची, म्हणजे कृष्णवर्णीयांसाठीची, पाटी फोडतात तो, हे दोन्ही सिनेमाने रचलेले आहेत. तो साहेबही खरा नाही, दोन-तीन वरिष्ठांना मिसळून बनवलेलं पात्र आहे. व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन गावच्या लँगली प्रयोगशाळेत कॅथरीन १९५३ मध्ये लागली. तिच्या इमारतीतल्या टॉयलेटवर पाटीच नव्हती. ते गोऱ्या बायकांसाठी आहे हे तिला माहीत नव्हतं, ती तेच वापरत राहिली. काही वर्षांनी कुणीतरी तक्रार केली. तिने लक्ष दिलं नाही, आणि विषय तिथेच संपला. शिवाय सिनेमा घडतो १९६१-६२ मध्ये. लँगलीतली वेगवेगळ्या रंगांची वेगवेगळी सोय त्याआधीच, १९५८ मध्ये नाका या जुन्या संस्थेची नासा झाली तेव्हा, अधिकृतपणे बंद झाली होती.

टॉयलेटचा अपमान खरा आहे, पण तो मेरी जॅक्सनचा. मेरी १९५१ मध्ये लागली. हाताने आकडेमोड करणाऱ्या गणकांना तेव्हा ‘कॉम्प्युटर’च म्हणत, आणि कृष्णवर्णीय गणक बायकांचा विभाग आवाराच्या पश्चिम भागात होता. एकदा तिला कामासाठी पूर्वेकडे पाठवलं. तिथल्या गोऱ्या सहकारी बायकांना तिने टॉयलेट कुठे आहे असं विचारलं. त्या फिदीफिदी हसल्या. तुझं कुठे असतं ते आम्हाला काय माहीत, असा त्या हसण्याचा अर्थ. मेरी संतापली. परत जाताना तिला काझिमिएर्झ झार्नेकी नावाचे इंजिनिअर भेटले आणि तिने मनातलं सगळं त्यांच्यासमोर ओकून टाकलं. ते म्हणाले, माझ्याकडे कामाला ये. त्यांच्याकडे सुपरसॉनिक विंड टनेल होता, म्हणजे आवाजापेक्षा वेगवान हवेत विमानांचे नमुने तपासायचा बोगदा, साठ हजार अश्वशक्तीचा. तिथून पुढे १९५८ मध्ये मेरी नासाची पहिली कृष्णवर्णीय महिला इंजिनिअर झाली. आता तूच सांग, तिने त्या दिवशी राग गिळला असता आणि ‘सगळं ठीक आहे सर’ म्हणून पुढे गेली असती तर?

लगेच उद्या कुणासमोर तरी भडभडून बोल असं मी सांगत नाहीये. झार्नेकी प्रत्येकीला भेटतोच असं नाही. पण ‘तक्रार केली नाही म्हणून पुढे गेल्या’ हे वाक्य मेरीच्या बाबतीत सरळसरळ खोटं आहे. इंजिनिअर व्हायला तिला जो रात्रीचा अभ्यासक्रम लागणार होता, तो हॅम्प्टनच्या गोऱ्यांच्या हायस्कुलात भरायचा. तिथे बसायला तिने नगराकडे अर्ज केला आणि खास परवानगी मिळवली. सिनेमात त्याचं कोर्ट झालं, कारण कोर्ट पडद्यावर बरं दिसतं. खरं काम अर्जाने झालं.

आणि पाटीची खरी गोष्ट सिनेमात नाहीच, याची मला फार चुटपुट लागते. लँगलीच्या कॅन्टीनमध्ये मागच्या बाजूला एका टेबलावर पाटी असायची: ‘कलर्ड कॉम्प्युटर्स’. या बायकांनी तिथेच बसायचं. मिरियम मान नावाची एक गणक होती, बुटकीशी. तिने एके दिवशी ती पाटी उचलली आणि पर्समध्ये टाकली. काही दिवसांनी नवी पाटी आली. तिने तीही पर्समध्ये टाकली. पुन्हा नवी आली, ती पुन्हा पर्समध्ये. यापायी नोकरी जाईल असं नवरा बजावत होता. तिने ऐकलं नाही. शेवटी पाट्या ठेवणाराच कंटाळला आणि नवी पाटी यायची बंद झाली. भाषण नाही, पहार नाही, टाळ्या नाहीत. पण पाटी गेली ती अशी, आणि ज्यांना त्या टेबलावर बसवलं जात होतं त्यांच्यातल्याच एकीने घालवली. सिनेमाने ते श्रेय उचलून एका न झालेल्या गोऱ्या साहेबाला दिलं. दुसऱ्याच्या नावाने रिपोर्ट जाणं म्हणजे काय, हे तुला वेगळं सांगायला नको.

आता कॅथरीनकडे येऊ, कारण तुझ्या पत्रातला मुख्य सल रिपोर्टवरच्या नावाचा आहे. सिनेमात शेवटी अंतराळवीर जॉन ग्लेन रॉकेटपाशी उभा राहून सांगतो की त्या मुलीने आकडे तपासले तर मी निघतो. ग्लेनची ती मागणी खरी आहे. नवीन आयबीएम यंत्राने काढलेल्या कक्षेच्या आकड्यांवर त्याचा पुरता भरवसा नव्हता, ते हाताने तपासून हवे होते. मात्र ते उड्डाणाच्या तोंडावर, श्वास रोखून वगैरे झालं नाही. काही दिवस आधी झालं, आणि कॅथरीनला त्याला दीड दिवस लागला. २० फेब्रुवारी १९६२ ला ग्लेनने पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घातल्या. (ती ‘मुलगी’ तेव्हा त्रेचाळीस वर्षांची, तीन मुलींची आई होती. असो.)

पण तुझ्या दृष्टीने महत्त्वाचं वर्ष १९६२ नाही, १९६० आहे. उपग्रह पृथ्वीवरच्या ठरलेल्या जागेच्या वर आणायचा तर इंजिन बंद होताना त्याची दिशा किती अंशात असायला हवी, याचा एक अहवाल त्या वर्षी निघाला. त्यावर दोन नावं आहेत: टी. एच. स्कोपिन्स्की आणि कॅथरीन जी. जॉन्सन. तिच्या विभागाच्या अहवालावर लेखक म्हणून एका बाईचं नाव येण्याची ती पहिली वेळ. ते आपोआप आलं नाही. स्कोपिन्स्कीला ह्यूस्टनला जायचं होतं आणि साहेब अहवाल पुरा कर म्हणून मागे लागले होते. तेव्हा त्याने सांगितलं की हा कॅथरीनने पुरा करावा, बहुतेक काम तिनेच केलं आहे. त्याआधी कॅथरीन कित्येक दिवस वरिष्ठांच्या चर्चा-बैठकांना बसू द्या म्हणून मागे लागलेली होती. बायका तिथे येत नाहीत, असं उत्तर मिळायचं. त्यावर ती विचारायची, तसा काही कायदा आहे का? तसा कायदा नव्हता, नुसती सवय होती. सारखी विचारत राहिल्यावर त्यांनी एकदाचं बसू दिलं. नोकरी संपेपर्यंत तिच्या नावावर, एकटीच्या किंवा इतरांसोबतच्या, २६ अहवालांची नोंद झाली.

याच्या मागोमाग १९६७ मध्ये क्रिस्टीन डार्डन तिथे लागली. सिनेमात ती नाही. तिला दिसलं की गणिताची सारखीच पदवी असलेल्या पुरुषांना इंजिनिअरिंगमध्ये घेतात आणि बायकांना आकडेमोडीत बसवतात. काही वर्षांनी ती सरळ वरच्या साहेबाकडे गेली आणि असं का, हे विचारलं. त्याला म्हणे असा प्रश्न आधी कुणी विचारलाच नव्हता. तिची बदली झाली, आणि पुढे सुपरसॉनिक विमानांच्या आवाजाच्या धक्क्यावर काम करणाऱ्यांत तिचं नाव मोठं झालं. १९८३ मध्ये तिने डॉक्टरेटही केली.

सगळ्यांचं गोड झालं असं मात्र समजू नकोस. डोरोथी व्हॉन १९४९ मध्ये पश्चिम विभागाची हंगामी प्रमुख झाली. कायम पद मिळायला १९५१ उजाडलं. १९५८ मध्ये तो विभागच बंद झाला, तेव्हा ती यंत्राची फोरट्रान भाषा शिकली, त्यात तरबेज झाली. पण तिने मागूनही पुन्हा कधी प्रमुखपद मिळालं नाही. १९७१ मध्ये ती तशीच निवृत्त झाली. मेरीने तर १९७९ मध्ये इंजिनिअरची वरची श्रेणी सोडून खालचं पद घेतलं, बायकांच्या आणि वंचितांच्या नेमणुका-बढत्यांचं काम बघता यावं म्हणून. २०२० मध्ये नासाच्या वॉशिंग्टनच्या मुख्यालयाला मेरीचं नाव देण्याचं जाहीर झालं, तेव्हा तिला जाऊन पंधरा वर्षं झाली होती. हे सगळं दोन तासांच्या सिनेमात मावत नाही. मावलं असतं तर ८ मार्चला कुणी दाखवलाही नसता.

‘कोट्यातली’ या शब्दाबद्दल तू एकच ओळ लिहिली आहेस, पण पत्रात सगळ्यात जड तीच आहे. म्हणून हे नीट वाच.

या बायका प्रयोगशाळेत पोचल्या कशा? गुणवत्ता तर त्यांच्यापाशी आधीपासून होती. डोरोथी फार्मव्हिलच्या कृष्णवर्णीयांच्या हायस्कुलात गणित शिकवायची, आणि १९४३ च्या उन्हाळ्यात लष्करी छावणीच्या लॉन्ड्रीत तासाला चाळीस सेंटवर काम करत होती. गणित तेच, डोकं तेच. लँगलीचं दार मात्र तोवर बंद होतं. ते उघडलं त्याचं कारण असं: ए. फिलिप रँडॉल्फ हे रेल्वेच्या डब्यांतल्या कृष्णवर्णीय पोर्टरांच्या संघटनेचे पुढारी. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत आमच्या माणसांना घेत नसाल तर वॉशिंग्टनवर मोर्चा आणतो, असं त्यांनी ठणकावलं. जून १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ८८०२ क्रमांकाचा आदेश काढला: संरक्षण उद्योगात आणि सरकारी कामात वर्ण बघून कुणाला डावलायचं नाही. युद्धामुळे माणसांची चणचण होतीच. त्यातून १९४३ मध्ये पश्चिम विभाग उभा राहिला.

म्हणजे ज्यांच्यासाठी तुझ्या मॅनेजरांनी टाळ्या वाजवल्या, त्याही सरकारी आदेशानेच आत आल्या होत्या. आदेशाने दार उघडलं. कक्षेचं गणित आदेशाने सोडवलं नाही, ते कॅथरीनने सोडवलं. तू प्रवेश कशाने घेतलास हा तुझा आणि राज्यघटनेचा मामला. टेन्साइल टेस्टच्या मशिनला तुझी जात कळत नाही.

तिकडच्या आणि इकडच्या लढ्याचं हे नातं मी ओढूनताणून जोडत नाहीये. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं त्यांच्या वाचनात आलं होतं, आणि त्यांनी त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. दुसऱ्याने अर्ज कसा लिहिला आहे ते आधी बघायचं, मग आपला लिहायचा. तूही आता तेच कर.

रिपोर्टचं म्हणशील तर, तुमच्या फॉरमॅटमध्ये ‘तयार केला’, ‘तपासला’, ‘मंजूर केला’ असे रकाने असतीलच. आकडे तू काढतेस तर पहिल्या रकान्यात तुझं नाव हवं. ती मेहेरबानी नाही. उद्या कस्टमरने एखाद्या पार्टवरून वाद घातला तर चाचणी नक्की कुणी केली हे कंपनीलाच सांगावं लागेल, आणि तेव्हा खोटी नोंद कंपनीच्या अंगाशी येईल. मांडताना ‘माझं श्रेय’ असं मांडू नकोस, ‘नोंद बरोबर असावी’ असं मांड. पहिल्याला ते नाक वर करून बघतील, दुसऱ्याला नाही म्हणणं अवघड आहे. रिपोर्ट सीनियरला देताना पेनड्राइव्हवर देऊ नकोस, मेलने पाठव, रकान्यात तुझं नाव घालून. त्याने ते काढलं तर निदान काढल्याचं दिसेल. मीटिंगचंही तसंच. ‘मला बोलवत नाहीत’ असं म्हणण्यापेक्षा एका ठरावीक मीटिंगसाठी विचार: अमुक पार्टच्या चाचणीवर प्रश्न येणार आहेत, चाचणी मी केली आहे, मी बसू का? नाही म्हणाले तर पुढच्या वेळी पुन्हा विचार. आणि तुझ्या लॅबमध्ये एखादा स्कोपिन्स्की आहे का ते बघ. असतो बहुधा, पण त्याला कुणी विचारलेलं नसतं. सीनियर स्वतःच तसा निघाला तर मला नवल वाटणार नाही. कदाचित त्यालाही वाटत असेल की ही पद्धतच आहे.

‘कोट्यातली’ म्हणणाऱ्यांची मात्र वही ठेव. तारीख, वेळ, नेमके शब्द, कोण हजर होतं. घरच्या वहीत लिही, कंपनीच्या लॅपटॉपवर नको. जातीवरून चारचौघांत अपमान करणं हा अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. पण त्या वाटेने जाण्याआधी वकिलाशी बोल, कारण तिथे शब्द, जागा आणि साक्षीदार सगळं मोजलं जातं. आधी एचआरला लेखी कळवता येईल. आणि एक सावधगिरी: एचआर तुला कंपनीच्या अंतर्गत समितीकडे जा म्हणेल. ती समिती लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी आहे, जातीवरच्या शेऱ्यांसाठी किंवा रिपोर्टवरच्या नावासाठी नाही. तिकडून इकडे टोलवलं जाण्यात वर्ष घालवू नकोस. दरम्यान बायोडाटा ताजा करून ठेव. हे सगळं करूनही ती जागा बदलली नाही, तर तू बदललीस यात हरणं कसलं?

बहिणीला सिनेमा जरूर दाखव. तिघींचं काम उत्तम आहे, फळ्यावरची गणितं बघून एखाद्या मुलीला गणित आवडायला लागलं तर तेवढ्यासाठीही तो बघावा. पहारीचा प्रसंग आला की तिला मिरियम मानची पर्स सांग. बाकी तिचं ती ठरवेल.

सुरुवात कुठून करायची, हे तू विचारलेलं नाहीस, पण तोच खरा प्रश्न आहे. मी म्हणेन, टॉयलेटपासून कर. रिपोर्टच्या नावाला ‘हिचा वैयक्तिक प्रश्न’ म्हणून झटकता येतं, टॉयलेटला येत नाही. कारखान्यात बायकांसाठी वेगळी आणि कामाच्या जागेजवळ सोय असावी, अशी कायद्याचीच अपेक्षा आहे. त्या हसलेल्या रांगेतल्या सगळ्यांना गाठ. ऑपरेटर असोत, ट्रेनी असोत, कंत्राटी हाउसकीपिंगच्या मावशी असोत. मावशींना सहीत अडकवू नकोस, त्यांची नोकरी ठेकेदाराच्या हातात असते, पण त्यांना विचार जरूर, आवारातली कुठली खोली रिकामी आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. एकच मेल, सगळ्यांची नावं, प्लांट हेड, एचआर आणि सेफ्टी ऑफिसरला एकत्र: लॅब आणि शॉप फ्लोअरपासून बायकांच्या टॉयलेटचं अंतर इतकं, जायला-यायला इतकी मिनिटं, रात्रपाळीला वाटेत दिवे आहेत किंवा नाहीत, आणि अमुक खोलीत सोय होऊ शकेल. किती दिवसांत कळवाल, हे शेवटी विचारायला विसरू नकोस. मेल पाठवायच्या आधी अंतर खरोखर मोजून घे.